टेबलावर गेलेला मामा : भुलीआधीच्या एका चौकशीचं प्रकरण

मुलगा ११ वर्षांचा, वजन २८ किलो. मे महिन्याच्या सुट्टीत मामाच्या गावाला आलेला. दुपारी कैऱ्या पाडायला आंब्यावर चढला, फांदी मोडली आणि डाव्या हातावर पडला. कोपराच्या जरा वर दंडाचं हाड मोडून दोन्ही टोकं पार सुटी झालेली. संध्याकाळी सातला तो आमच्या तालुक्याच्या गावातल्या हाडांच्या दवाखान्यात पोचला, तेव्हा बोटं गरम होती, हात गुलाबी होता, पण मनगटाची नाडी लागत नव्हती. हाडाच्या टोकावर रक्तवाहिनी ताणली गेली की असं होतं. हाड जागेवर बसवून तारा घातल्या की बहुतेक वेळा नाडी परत येते. मात्र ते सकाळपर्यंत लांबवण्यासारखं नव्हतं.

मी भूलतज्ज्ञ आहे. बीड जिल्ह्यात गेली सतरा वर्षं पाच-सहा दवाखान्यांत फिरून भूल देते. हे प्रकरण कुटुंबाच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

संमतीचा फॉर्म वडिलांनी भरला होता. आधी ऑपरेशन झालं आहे का? नाही. दमा, फिट, हृदयाचा आजार? नाही. औषधांची ॲलर्जी? नाही. घरात कुणाला भुलीचा त्रास? नाही. शेवटचं जेवण दुपारी एक वाजता, भाकरी आणि पिठलं. सहा तास उलटले होते, पण मार लागला की पोट रिकामं व्हायचं थांबतं. त्यामुळे हे पोट भरलेलंच धरायचं. भरल्या पोटी पूर्ण भूल द्यायची, तर श्वासनलिकेत नळी झटपट घालावी लागते. त्यासाठी वर्षानुवर्षं हाताला बसलेलं औषध म्हणजे स्कोलिन. अर्ध्या-पाऊण मिनिटात स्नायू सैल होतात आणि पाच-दहा मिनिटांत औषध उतरतं. माझ्या ट्रेमध्ये त्या दिवशीही ते काढून ठेवलेलं होतं.

नळी घालायची म्हणून मी नेहमीप्रमाणे तोंड आणि मान तपासली. उताणा झोपलेल्या मुलाला म्हटलं, "डोकं उशीवरून जरा उचल बाळा." त्याने माझ्याकडे पाहिलं आणि चांगला हात मानेमागे नेला. वाटी उचलावी तसं स्वतःचं डोकं त्या हाताने उचललं.

मला आधी वाटलं, दुखतंय म्हणून करत असेल. मी त्याचा हात बाजूला घेतला आणि पुन्हा सांगितलं. डोकं उशीवरून हललं नाही. आई शेजारीच उभी होती. ती म्हणाली, "तो तसाच उठतो मॅडम, लहानपणापासून. कुशीवर वळून, हात लावून." मग एकेक गोष्ट निघत गेली. चालायला लागला तो दोन वर्षांचा झाल्यावर. जिना चढताना कठडा लागतोच. शाळेत कबड्डीत त्याला कुणी घेत नाही. गावात सगळे 'अशक्त आहे, खात नाही' एवढंच म्हणायचे. चेहरा लांबट, अंग सडपातळ, गुडघ्यावर हातोडी मारली तर पाय जेमतेम हलायचा. पोटऱ्या फुगलेल्या नव्हत्या आणि ११ व्या वर्षी तो झाडावर चढत होता. म्हणजे मुलग्यांमध्ये दिसणाऱ्या ड्युशेन डिस्ट्रॉफीचं चित्र हे नव्हतं. त्या आजारात या वयापर्यंत बहुतेक मुलांचं चालणं सुटत आलेलं असतं.

डोकं उचलता न येणं ही फार बोलकी खूण आहे. लहानपणापासून मानेचे पुढचे स्नायू अशक्त असणारे आजार मोजके, आणि त्यातले बरेचसे जन्मजात. स्नायूंचा जन्मजात आजार दिसला की भुलीच्या माणसाने स्कोलिन बाजूला ठेवलंच पाहिजे. मी ट्रेमधली सिरिंज उचलून टाकून दिली. पण पुढचा प्रश्न तेवढ्याने सुटत नव्हता.

फॉर्ममध्ये 'नाही' लिहिलं होतं, तरी मी पुन्हा विचारलं. या वेळी आईला, आणि वेगळ्या शब्दांत: "तुमच्या माहेरात ऑपरेशनच्या टेबलावर कुणी गेलं होतं का?" आई म्हणाली, "मी लहान होते, मला नीट माहीत नाही. मायला विचारा." आजी दाराशी बसल्या होत्या. त्यांनी आधी जावयाकडे बघितलं. "सांग ना माय," लेक म्हणाली. मग त्या बोलल्या.

"माझा थोरला गेला, बाई. बावीस वरसं झाली. आपेंडिस हाय म्हनले, थोडक्यात काम हाय म्हनले. मला शेवटाला आत बोलावलं. दातखीळ बसली व्हती त्याची. अंग असं लाकूड. अन् तापलेलं तव्यावानी, हात लावू देईना. लघवीची पिशवी काळी झाली व्हती. डॉक्टर म्हनले इंजेक्शन उलटलं. गावातले म्हनले ताप डोक्यात गेला."

पोराचं वय १९ होतं. दवाखाना कुठला, डॉक्टर कोण, यात मी गेले नाही. त्या काळात आणि त्या साधनांत ते ओळखणं अवघडच होतं.

वडील माझ्याकडे बघत म्हणाले, "मॅडम, मला हे माहीतच नव्हतं." त्यांनी फॉर्मवर खोटं काही लिहिलं नव्हतं. 'घरात कुणाला' असं विचारलं की आपल्याकडचा बापमाणूस आपल्या घराचं उत्तर देतो. बायकोचं माहेर त्याच्या 'घरात' येत नाही. आणि 'भुलीचा त्रास' म्हटलं की लोकांना ओकाऱ्या आठवतात. मरण हा काही त्यांच्या लेखी त्रास नसतो. तो घात असतो, नशीब असतं, किंवा डॉक्टरची चूक असते. आमच्या फॉर्मचा शब्द एक आणि त्यांच्या आठवणीचा शब्द दुसरा, त्यामुळे दोन्हींची गाठच पडत नाही. मी सतरा वर्षं तोच फॉर्म वापरत होते, हे मला त्या संध्याकाळी फार लागलं.

दातखीळ, लाकडासारखं अंग, तापलेलं शरीर, काळी लघवी. आजींनी कधीही न ऐकलेल्या आजाराचं वर्णन एका दमात, क्रमाने केलं होतं. त्याचं नाव मॅलिग्नंट हायपरथर्मिया.

हा आजार बहुतेकांत एरवी दिसत नाही. स्नायूच्या पेशीत कॅल्शियमचा साठा असतो. तो सोडणारं एक दार असतं आणि त्या दाराचा नकाशा १९ व्या गुणसूत्रावरच्या आरवायआर-१ या जनुकात असतो. नकाशात विशिष्ट चूक असली, तर स्कोलिन किंवा हॅलोथेन, आयसोफ्लुरेन, सेव्होफ्लुरेन हे भुलीचे वायू लागताच दार उघडतं आणि मिटतच नाही. मी वडिलांना पाटाचं दार सांगितलं: बारं संपलं तरी दार पडत नाही, पाणी रात्रभर वाहतं आणि रान खरवडून नेतं. कॅल्शियम सुटत राहतं, स्नायू आखडलेलेच राहतात, भट्टीसारखे जळत राहतात. कार्बन डायऑक्साइड आणि नाडी आधी चढतात. ताप बहुतेकदा मागून येतो, आणि तापाची वाट बघत बसलं की उशीर होतो. मग स्नायू फुटतात, पोटॅशियम रक्तात उतरतं, हृदय थांबू शकतं. फुटलेल्या स्नायूंचा रंगद्रव्यासारखा घटक मूत्रपिंडातून जातो, म्हणून लघवी काळी. दर १०,००० ते २,५०,००० भुलींमागे एकदा, असा अंदाज आहे. पण चूक आईवडिलांपैकी एकाकडून आली तरी पुरते, आणि अशा प्रत्येक अपत्याला ती मिळायची शक्यता निम्मी असते. त्या घरापुरतं पाहिलं तर हा आजार दुर्मिळ राहत नाही.

हा आजार वैद्यकाला कळला तोही घरच्यांच्या आठवणीतूनच. मेलबर्नमध्ये २१ वर्षांचा एक विद्यार्थी पाय मोडून आला. त्याला मोडलेल्या पायापेक्षा भुलीची भीती जास्त होती, कारण त्याचे दहा नातेवाईक ईथरच्या भुलीत गेले होते. त्याला त्या वेळी नवा असलेला हॅलोथेन दिला, आणि थोड्याच वेळात तो तापला, रक्तदाब पडला. भूल बंद करून, बर्फ लावून त्याला वाचवलं. डेनबरो आणि लव्हेल या डॉक्टरांनी १९६० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये ही हकिगत छापली. पुढच्या ऑपरेशनला त्याला पाठीतली भूल दिली, ती निर्धोक गेली. यावरचं औषध डॅन्ट्रोलीन. ते डुकरांमध्ये उपयोगी पडतं हे १९७५ मध्ये केपटाऊनच्या हॅरिसन यांनी दाखवलं. आधी दहातले सात-आठ दगावायचे. औषध वेळेवर मिळालं की हे प्रमाण पाच टक्क्यांच्याही खाली येतं.

वेळेवर मिळालं की. मी त्या रात्री तीन ठिकाणी फोन केले. इंजेक्शन एकाही ठिकाणी नव्हतं. २८ किलोच्या मुलाला किलोमागे अडीच मिलिग्रॅम म्हणजे ७० मिलिग्रॅम लागतं. जुन्या पद्धतीच्या २० मिलिग्रॅमच्या ४ बाटल्या, प्रत्येक ६० मिलिलिटर पाण्यात विरघळवायची, आणि हा फक्त पहिला डोस. मोठ्या शहराला पाठवायचं तर तीन तासांचा रस्ता. तिथे पोचून पुन्हा तपासण्या, पुन्हा रांग. नाडी लागत नसलेल्या हाताला इतका वेळ नव्हता. आणि औषध तिथेही मिळालं नसतं, तर पाठवून साधलं काय असतं?

मी हाडांच्या डॉक्टरांना म्हटलं, हाताची नस बधिर करून करू या. ते थेट नाही म्हणाले, आणि त्यांचं बरोबर होतं. अशा फ्रॅक्चरनंतर हाताच्या आत दाब वाढू लागला, तर वाढत्या वेदनेवरूनच तो वेळेत कळतो. हात बधिर केला की तो इशाराच बंद होतो, आणि बोटांची नसही तपासता येत नाही. म्हणजे पूर्ण भूल हवी, पोट भरलेलं, स्नायू अशक्त, स्कोलिन नाही, वायू नाही, डॅन्ट्रोलीन नाही.

जे चालतं त्याची यादी मात्र मोठी आहे, आणि ती सगळी आमच्या कपाटात होती: प्रोपोफॉल, फेंटानिल, केटामिन, रोक्युरोनियम. शिरेतून सगळं द्यायचं, वायूला हातच लावायचा नाही. अडचण मशीनची होती. भुलीच्या मशीनच्या रबरात, नळ्यांत, कार्बन डायऑक्साइड शोषणाऱ्या सोडालाइममध्ये आधीच्या पेशंटचा वायू मुरलेला असतो. व्हेपोरायझर म्हणजे भुलीचा वायू सोडणारं भांडं काढून, नळ्या आणि सोडालाइम बदलून, मिनिटाला १० लिटर ऑक्सिजन बराच वेळ सोडला, की मगच ते वापरण्याजोगं होतं. काही नव्या मशीनला तासाहून जास्त लागतो. म्हणून मी मशीनच वापरायचं नाही असं ठरवलं. नवीकोरी अँबू बॅग फोडली, ऑक्सिजन थेट जंबो सिलिंडरवरून जोडला. हाताने दाबायची, बस. कार्बन डायऑक्साइडचा मॉनिटर सुटा होता, तापमानाची तार होती. पाच लिटर सलाईन औषधांच्या फ्रीजमध्ये ठेवलं. सोडाबायकार्ब, कॅल्शियम, इन्शुलिन, ग्लुकोज ट्रेमध्ये मांडलं. वडिलांना एस.टी. स्टँडजवळच्या रसवंतीवर धाडलं. ते अर्धी लादी बर्फ पोत्यात गुंडाळून खांद्यावर घेऊन आले. वर कुठलाही प्रश्न न विचारता आणखी आणू का म्हणाले.

साडेआठला सुरुवात केली. स्कोलिनऐवजी स्नायू सैल करायला रोक्युरोनियम, किलोमागे १.२ मिलिग्रॅम, म्हणजे ३४ मिलिग्रॅमच्या आसपास. मिनिटभरात नळी गेली. जबडा सैल होता. मला तोवर मोकळा श्वास घेता आला नव्हता. कार्बन डायऑक्साइड ३८, म्हणजे नॉर्मल. हाड दुसऱ्या खेपेला बसलं, तारा घातल्या, आणि हाडांच्या डॉक्टरांनी बोट मनगटावर ठेवलं. काही क्षण कुणी बोललं नाही. मग ते म्हणाले, "लागली." ४० मिनिटांत काम झालं.

पण मुलगा उठेना. औषध उतरलं का हे बघायला नसेला वीज देणारा नर्व्ह स्टिम्युलेटर लावला की स्नायूचे चार झटके यायला हवेत, तासाभरानंतरही दोनच येत होते. अशा स्नायूंत हे औषध कधी कधी जास्त वेळ धरतं, हे पुस्तकात वाचलेलं असतं. प्रत्यक्षात ते म्हणजे हाताने बॅग दाबत बसणं. मी आणि सिस्टर पाळीपाळीने दाबत राहिलो. एक तास पन्नास मिनिटांनी चारही झटके पुरेसे आले. औषधाचा उरलेला असर उतरवायला निओस्टिग्मिन आणि ग्लायकोपायरोलेट दिलं. तो नीट श्वास घेऊ लागला, डोळे उघडले, मग नळी काढली. तापमान एकदाही ३७ च्या वर गेलं नाही. पहाटेची पहिली लघवी मी स्वतः पाहिली, पिवळीच होती. बर्फ लागलाच नाही. सकाळी मावशींनी ते पाणी दारातल्या कुंड्यांना घातलं.

नांदेड-लातूरकडच्या माझ्या सहकाऱ्यांना यासारखी एक सवय आधीपासून आहे. आर्य वैश्य समाजातल्या काही घरांत स्युडोकोलिनएस्टरेज हे एन्झाइम फार कमी असतं. स्कोलिन पाच-दहा मिनिटांत उतरायचं ते तासन् तास उतरत नाही, पेशंटला व्हेंटिलेटरवर ठेवावं लागतं. त्याचा स्नायूंच्या आजाराशी संबंध नाही. पण त्या भागातले डॉक्टर घराण्याची चौकशी करतात, कारण तो अनुभव एकमेकांना सांगितला गेला. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न ही रीत आहे, काही घरांत मामा-भाचीचंही. आरवायआर-१ चे काही प्रकार दोन्हीकडून चूक आली तरच उठतात, आणि तेव्हा ही रीत आड येते. या मुलाच्या आईवडिलांचं नातं नव्हतं. तरी मी विचारलं.

पुढचं काम सहा आठवड्यांनी. सीपीके हे स्नायूंतून रक्तात उतरणारं एन्झाइम मार लागल्यावर वाढतंच, म्हणून तेव्हा केलं नाही. सहा आठवड्यांनी ते किंचितच वाढलेलं निघालं. इथे एक गोष्ट ठामपणे सांगते: या प्रकारच्या आजारात सीपीके अगदी नॉर्मलही असू शकतं, म्हणून 'रक्त चांगलं आहे' एवढ्यावर कुणाला मोकळं करू नये. स्नायूचा तुकडा काढून करायची चाचणी ताज्या स्नायूवर काही तासांतच करावी लागते, ती इथून शक्य नव्हती. जनुकाची तपासणी केली. आरवायआर-१ च्या एका प्रतीत रोगकारक बदल सापडला, म्हणजे अशक्तपणाचं आणि भुलीच्या धोक्याचं मूळ एकच. आईतही तोच.

आई ऊसतोडीला जाते. तिची गर्भपिशवी २८ व्या वर्षीच काढलेली. आमच्या जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या या ऑपरेशनांबद्दल राज्य सरकारने २०१९ मध्ये चौकशी समिती नेमली होती, ते दुःख वेगळंच. वडिलांना वाटत होतं, हिचं ऑपरेशन सुरळीत झालं म्हणजे हिला भूल मानवते. मी जुनी फाइल मागवून पाहिली. पाठीतली भूल होती. त्या औषधांनी दार उघडतच नाही. तिचं ऑपरेशन तिच्या आजाराबद्दल काहीच सांगत नव्हतं. आणि कुणाला वायूची भूल आधी एकदा-दोनदा सुखरूप गेली असली, तरी तीही ग्वाही धरता येत नाही.

आईची मान तपासली. तिलाही डोकं फार वेळ उचलून धरता येईना. मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढताना तिचे पाय लटपटायचे, दोनदा मोळीसकट पडली होती. कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी, उचल दोघांच्या नावावर. तिच्या वाट्याच्या मोळ्या कमी पडल्या की मुकादमाचं आणि सासरचं बोलणं खायची: आळशी, कामचोर. मी नवऱ्यासमोर सांगितलं, हिच्या स्नायूंत जन्मापासून दोष आहे, हिने तोडावं पण मोळी वाहू नये, आणि उन्हात अंग मोडेपर्यंत राबू नये. ती काही बोलली नाही. हातातला रिपोर्ट उलटसुलट करून बघत राहिली. इंग्रजीत होता.

मग आजींचं रक्त तपासलं. त्यांच्यात बदल नव्हता. बावीस वर्षं ज्यांनी ही आठवण जपली, त्यांच्या रक्तात तो दोष नव्हताच. आजोबा हयात नाहीत, पण वाट त्यांच्याकडूनच आलेली धरावी लागते. म्हणजे सांगायला हवं होतं आजोबांच्या भावांच्या घरी, जिथे त्या थोरल्याचं मरण 'ताप डोक्यात गेला' असंच ठाऊक होतं.

मी मराठीत आणि इंग्रजीत पत्र करून दिलं. आजाराचं नाव, जनुकातला बदल, काय द्यायचं नाही, काय चालतं. रेशनकार्डाच्या प्लास्टिकच्या पिशवीत ठेवायला सांगितलं, कारण तो कागद घरात हरवत नाही.

दसऱ्यानंतर, टोळ्या निघायच्या आदल्या आठवड्यात, आजी आणि लेक पुन्हा आल्या. आजोबांच्या धाकट्या भावाची नात पोटुशी होती, सातवा लागला होता आणि या वर्षी त्यांची टोळी बेळगावकडच्या कारखान्याला जाणार होती. तिचं रक्त अजून तपासलं नव्हतं, पण सिझर करायची वेळ आली तर? "तिकडं मराठी कोन वाचनार, बाई?" आजींनी विचारलं. आमची एक सिस्टर भालकीची आहे. तिने पत्राखाली तेच चार ओळींत कानडीत लिहून दिलं, मोठ्या अक्षरांत, आणि मी सही-शिक्का केला.

आजींनी कागद घेतला, पण हलल्या नाहीत. "हे हरवलं तर?" म्हणाल्या. "मला तोंडानं सांगा. म्या पोरीच्या तोंडी बशिवते."

मी म्हटलं, "म्हणा आजी: स्कोलिन नको, गॅसची भूल नको, पाठीतली चालते."

"इस्कोलिन नको," त्या म्हणाल्या. "ग्यासची भूल नको. पाठीतली चालते." मग बाकावर बसून, डोळे मिटून, आणखी दोनदा.